रंभाची नाडी

पितळी बत्त्याचा पहिला घाव कमळाकरच्या कानामागे बसला आणि दुसरा खांद्यावर. तिसऱ्यासाठी रंभाने हात उगारला तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, शैलेशने, मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला अधांतरी उचललं. बत्ता सुटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि फरशीवरून गडगडत गेला. रंभा हवेत पाय झाडत होती. तोंडासमोर जे आलं त्यात तिने दात रोवले. तो शैलेशचाच दंड होता.

"सोडा मना! आज मारूनच टाकते याला!"

कमळाकर गॅसच्या ओट्याला धरून उभं राहायची धडपड करत होता. हा शैलेशचा थोरला भाऊ, अंगापिंडाने दणकट, भरावाच्या कामांवर चार माणसांना नुसत्या नजरेने हलवणारा. कानामागून निघालेलं रक्त मानेवरून त्याच्या पांढऱ्या बनियनमध्ये मुरत होतं. त्याच्या पायाशी, फ्रिज आणि भिंतीच्या बेचक्यात, त्याची बायको मैना बसली होती. डावा हात तिने उजव्या हाताने छातीशी धरला होता. मनगट जिथे वळायला नको तिथे वळलं होतं. ती रडत नव्हती. कुणीतरी नळ उघडा टाकला होता, त्याच्या धारेकडे ती बघत होती.

आवाजाने शेजारची गोदू धावत आली. तिने रंभाचा एक हात पकडला आणि लगेच दचकून शैलेशकडे पाहिलं.

"अगो बाय! हिचा अंग कसा उडतंय बघ. इंजिन धरल्यासारखा वाटतंय."

रंभाला ते ऐकू आलं नाही. तिच्या कानात तिचंच काळीज ठोके देत होतं, इतक्या जोरात की बाकीचं जग मुकं झालं होतं.

गव्हाणची जमीन सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा या दोघा भावांनी पनवेलच्या कडेला जागा घेऊन एका भिंतीची दोन घरं बांधली. अलीकडे शैलेश, पलीकडे कमळाकर. मधली भिंत दोघांची. रंभा लग्न होऊन आली ती थेट या घरात, आणि आल्यापासून तिने ही भिंत ऐकली होती. आधी पलीकडे खुर्ची सरकायची. मग कमळाकरचा आवाज यायचा, खालच्या पट्टीतला, कारण तो कधी ओरडत नसे. मग ओल्या गोणीवर काठी मारावी तसे आवाज. मैनाचा हुंदका एकदाही आला नाही. आवाज सुरू झाले की शैलेश टीव्ही मोठा करायचा. रंभा मिक्सर लावायची, कधी भांड्यात काही नसतानाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराने मैना विरजण मागायला यायची, कानावरून पदर ओढून. रंभा वाटीत विरजण घालून द्यायची. विचारलं असतं तर मैनाला सांगावं लागलं असतं, आणि तिने सांगितलं असतं तर रंभाला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. अशी वर्षं गेली.

आणि मग त्या हिवाळ्यात रंभा बदलली. बाकीचे शाली घेऊन बसायचे तेव्हा ती पंखा लावून घाम पुसायची. चार भाकऱ्या खाऊनही अंगावर मांस धरेना. झोप उडाली, डोळे मोठे दिसू लागले, भाजी चिरताना बोटं थरथरायची. वाट्टेल त्यावरून चिडायची. एकदा मासळी बाजारात कोळणीने भाव करताना तोंड वाकडं केलं, तर हिने तिची अख्खी पाटी उलटी केली. शैलेशच्या अंगावर चहाचा कप फेकला. सगळे म्हणू लागले, वय झालं की बायकांचं असं होतं. रंभालाही ते पटलं होतं. त्या संध्याकाळी बत्ता उचलेपर्यंत.

*

कमळाकरला इस्पितळात नेलं तेव्हा त्याच गाडीत रंभालाही नेलं, कारण तिला घरी कुणाजवळ ठेवायचं हेच शैलेशला सुचेना. कानामागे टाके पडले. मैनाच्या मनगटाला प्लास्टर लागलं. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरने बाकावर बसलेल्या रंभाकडे दोनदा पाहिलं, जवळ येऊन तिचं मनगट धरलं, मग गळ्यावर बोटं ठेवून पाणी गिळायला सांगितलं. "यांना आधीच दाखवायला हवं होतं," तो म्हणाला, आणि रक्त काढून तिला डॉक्टर झेबा मुकादम यांच्याकडे धाडलं.

डॉक्टर झेबा पनवेलच्याच, बाजारातल्या जुन्या कापडवाल्यांच्या घरातल्या. रिपोर्ट वाचून झाल्यावर त्यांनी तो बाजूला सारला आणि टेबलावरून पुढे वाकल्या.

"रंभाताई, तुमच्या गळ्यात एक ग्रंथी आहे. थायरॉईड. तिच्या प्रत्येक पेशीला बाहेरून हुकूम ऐकायची एक जागा असते. मेंदूच्या खालच्या ग्रंथीकडून हुकूम येतो, त्या जागी बसतो, पेशी आतल्या आत निरोप पुढे देते आणि कामाला लागते. हुकूम उठला की काम थांबतं. कळतंय?"

रंभाने मान हलवली.

"तुमच्या रक्ताने चुकून एक खोटा हुकूम तयार केलाय. तो त्याच जागेवर जाऊन बसलाय आणि उठतच नाही. वरून कुणी काही सांगत नाहीये, तरी ग्रंथीला वाटतंय की सांगतायत. ती बिचारी रात्रंदिवस काम करतेय, आणि तो सगळा माल तुमच्या काळजात, हातात, डोक्यात जातोय."

"म्हणून ही अशी चिडते?" शैलेशने विचारलं. त्याच्या दंडावर बँडेज होतं.

"चिडचिड होते. धडधड होते. झोप जाते." डॉक्टरांनी दोन गोळ्यांची नावं लिहिली. "ही पहिली ग्रंथीचं काम कमी करेल. तिला काही आठवडे लागतील. ही घेताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून तडक माझ्याकडे यायचं, यात आळस नको. आणि ही दुसरी. आपण घाबरलो, चिडलो की शरीर काळजाला एक निरोप पाठवतं, पळ म्हणून. तो निरोप काळजाच्या ज्या जागी बसतो तिथे ही गोळी आधीच जाऊन बसते. निरोप येतो, पण जागा मिळत नाही. हिचा फरक तुम्हाला लगेच दिसेल."

रंभाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"म्हणजे मी भावजींना मारला, तो त्या गाठीनं मारला?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"ते या रिपोर्टमध्ये दिसत नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर येताच शैलेशने मोठा श्वास सोडला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला नव्हता. त्याने लगेच फोन काढला आणि थोरल्या भावाला लावला. "दादा, आजार हाय. रक्तात निघाला. तिची काय चूक नाय."

*

हवालदार घरी आला तो कमळाकरच्या पडवीत बसला. इस्पितळातून कळवलं गेलं होतं, त्यामुळे विचारणं भाग होतं. कमळाकरने त्याला थंडगार ताक दिलं. डोक्याला पट्टी, आवाज तोच, खालच्या पट्टीतला.

"तक्रार कसली करू साहेब? आजारी बाय हाय. तिच्यावर काय राग धराचा? स्वयंपाकघरात आली, आदी आमच्या हिचा हात मुरगाळला. मी सोडवायला गेलू तर माझ्या डोक्यात बत्ता. डॉक्टरचा कागद हाय ना शैलेश? दाखव साहेबांना."

रंभा उंबऱ्याशी उभी होती. कमळाकरचं वाक्य तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. आदी आमच्या हिचा हात मुरगाळला. तिने मैनाकडे पाहिलं. मैना कोपऱ्यातल्या वेताच्या मोढ्यावर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"बाई, असंच झालं का?" हवालदाराने मैनाला विचारलं.

मैनाने मान हलवली. हो की नाही ते कळण्याइतकीही नाही. हवालदाराने ती हो धरली.

"नाय," रंभा म्हणाली. "मी मैनाबायला हात नाय लावला."

"रंभा." शैलेश तिच्या कानाशी आला. त्याने बाही वर केली. दंडावर दातांची दोन अर्धवर्तुळं निळी पडली होती. "ह्या आठवतंय तुला? नाय ना? मग तो हात मुरगाळलेला तरी कसा आठवेल?"

रंभाने त्या खुणांकडे पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं. शैलेशचा हात तिच्या तोंडात कधी आला, तिने तो कधी चावला, यातलं काही. आठवत होता तो फक्त ठोक्यांचा आवाज. तिने उघडलेलं तोंड मिटलं. शैलेशने सही केली, कमळाकरने केली, आणि हवालदार ताकाचा पेला खाली ठेवून उठला.

त्या दिवसापासून मैनाचा हात रंभाने मोडला हे सगळ्यांना ठाऊक झालं. कमळाकर कुणाशीही त्याबद्दल वाईट बोलला नाही. उलट रंभासाठी त्याने पापलेटं पाठवली. लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस. रंभा गल्लीतून चालली की आया पोरांना आत घ्यायच्या. गोदू तेवढी बोलायची, पण बोलताना दोन हात लांब उभी राहायची.

शैलेश रोज सकाळी द्रोणागिरीला गोदामावर जायच्या आधी पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन समोर उभा राहायचा. ती गिळेपर्यंत जायचा नाही. धडधड पहिल्या काही दिवसांतच ओसरली. मग हळूहळू घाम गेला, झोप आली, गालांवर मांस आलं. स्वस्थ झालेल्या डोक्याने ती त्या संध्याकाळपाशी परत परत जायची आणि रिकाम्या हाताने यायची. पलीकडच्या मागच्या दाराशी मैनाची चाहूल लागली की तिला विचारावंसं वाटायचं, बाय, मी केला का गो? पण मैना आता विरजण मागायला येत नव्हती.

पुढच्या तपासणीला डॉक्टर झेबांनी तिची नाडी धरली आणि हसल्या. "माशाअल्लाह. आता घरी तुम्हीच बघत जा. अशी दोन बोटं ठेवायची." त्यांनी तिच्या मनगटावर जागा दाखवली. "आणि जावेचा हात कसा आहे?"

"बरा होतंय. मीच मोडला तो."

"तुम्हाला आठवतं?"

"सगले सांगतात."

"मी सगळ्यांना नाही विचारलं," डॉक्टर म्हणाल्या.

रंभाने मनगटावरची ती जागा पुन्हा दाबून पाहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, गोळीनं राग जातो का?"

"गोळी काळजाला पळू देत नाही. ग्रंथीने फुगवलेली चिडचिड औषधाने जाते, जायलाच हवी." त्या थांबल्या. "त्यानंतरही उरला, तर तो तुमचा."

*

मैनाचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यातला रविवार. दुपार. शैलेश सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता. रंभा ओट्याशी कोलंबी सोलत होती. पलीकडे खुर्ची सरकली.

शैलेशने टीव्हीचा आवाज वाढवला.

रंभाची बोटं कोलंबीच्या शेपटीवर थांबली. भिंतीतून कमळाकरचा आवाज आला, शांत, समजावल्यासारखा. मग तो ओला, बोथट आवाज. रंभा तिच्या धडधडीची वाट बघू लागली. आता छातीत ठोके सुरू होतील, कान भरतील, हात कापू लागतील आणि पुढचं आपल्या ताब्यात राहणार नाही, म्हणून तिने घाबरून ओट्याची कड धरली.

काहीच झालं नाही. तिने ओली दोन बोटं मनगटावर ठेवली. नाडी आपल्या चालीने चालली होती, दुपारची झोप काढून उठलेल्या माणसाची असावी तशी. हात स्थिर. आणि तरी राग होता. तो जसाच्या तसा होता. पोटापासून गळ्यापर्यंत, तापलेल्या सळईसारखा सरळ. आज कान मोकळे होते म्हणून तिला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता, आणि त्यातला एक तिने ओळखला. त्या संध्याकाळी हाच आवाज आधी आला होता. मग तिने बत्ता उचलला होता. मागचं दार ढकललं तेव्हा मैना बेचक्यात बसलेली होती, हात छातीशी धरून. मनगट आधीच वळलेलं होतं. नळ आधीच वाहत होता.

तिने हात धुतले. सुरी धुऊन खणात ठेवली आणि खण लावला.

"कुठं चाललीस?" शैलेश सोफ्यावरून उठून बसला. "रंभा? गोळी दिली ना मी तुला सकाळी?"

"दिलीत," ती म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

पलीकडच्या स्वयंपाकघरात आधी वास आला. मग दिसलं. कमळाकरने मैनाची वेणी मुठीला गुंडाळली होती आणि तिचा डावा हात, प्लास्टरमधून नुकताच निघालेला, पांढरा आणि बारीक, तव्यावर दाबून धरला होता. गॅस चालू होता. मैनाने ओठ दातांखाली घेतला होता आणि हनुवटीवरून रक्ताची रेघ उतरली होती. कशावरून सुरू झालं ते पुढे कुणालाच कळलं नाही, मैनालाही नाही.

रंभाने गॅस बंद केला. मग दोन्ही हातांनी कमळाकरचं मनगट धरून मागे ओढलं. मैनाचा हात तव्यावरून सुटताना जो आवाज झाला तो रंभा जन्मभर विसरणार नव्हती.

कमळाकर वळला. तिला बघून एक क्षण तो मागे सरला, नजर तिच्या हातांकडे गेली. हात रिकामे होते. मग त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ती फ्रिजवर आपटली, खाली बसली. ओठ फुटला होता. ती उठली आणि मैनाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. त्याने परत मारलं. ती पडली, त्याने बरगडीत लाथ घातली. फ्रिजचं हँडल धरून ती पुन्हा उठली आणि त्याच जागी उभी राहिली. तिने हात उचलला नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि हे बघणं कमळाकरला बत्त्यापेक्षा जड गेलं असावं, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडला.

"अरं धावा! हिला परत झटका आला! मैनाला जाळली हिनं!"

दारात माणसं गोळा झाली. गोदू आली. शैलेश आला, अनवाणी, हातात टीव्हीचा रिमोट तसाच. त्याने समोरचं सगळं पाहिलं आणि दुसरं काही सुचत नसल्यासारखा, सवयीने, रिमोट टाकून मागून रंभाच्या कमरेला मिठी घातली.

रंभाने पाय झाडले नाहीत. ती जागची हललीही नाही. शैलेशचा उजवा तळवा तिच्या डाव्या बरगडीखाली येऊन पडला होता, त्या दिवशी पडला होता तिथेच. त्या दिवशी त्या तळव्याखाली एक जनावर उसळ्या मारत होतं. आज तळवा वाट बघत राहिला. तिला कळत होतं की तो काय शोधतोय. एक ठोका. मग बराच वेळ. मग दुसरा. तिच्या मानेवर लागणारा नवऱ्याचा श्वास थांबला.

"धर, सोडू नको," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज परत खाली आला होता. "गोळ्या चुकवल्या असतील तिनं."

शैलेशचा तळवा तिथेच होता.

"शैलेश!"

मिठी सैल झाली. आधी बोटं, मग हात. शैलेश तिच्या मागून बाजूला आला, भाऊ आणि बायको यांच्या मधोमध, आणि खाली फरशीकडे बघत म्हणाला,

"दादा, ही शांत हाय."

कमळाकरने त्याच्या थोबाडीत मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. शैलेशचा चष्मा उडून दारापर्यंत गेला. तो उचलायला शैलेश वाकला नाही. बाजूलाही झाला नाही. दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग गोदू त्या माणसांतून वाट काढत आत आली, रंभाच्या अगदी अंगाला घासून पुढे गेली, मैनाचा भाजलेला हात नळाखाली धरला आणि नळ सोडला.

"बाय," रंभा म्हणाली, "चल."

मैना पाण्याकडे बघत राहिली. हाताची कातडी तळव्यावर सुटून लोंबत होती. कमळाकर म्हणाला, "मैना, आत जा." त्यावर मैनाने वळून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग बाहेरच्या. आणि पदर डोक्यावर न घेताच ती चालू लागली.

*

रिक्षात मागे मैना बसली, भाजलेला हात मोकळा ठेवून. शेजारी रंभा, पुढे ड्रायव्हरशेजारी कसाबसा शैलेश, चष्म्याशिवाय. मैनाचा हात ओल्या फडक्यात होता. आधी इस्पितळ, तिथून पोलीस ठाणं, असं रंभाने सांगितलं होतं.

"बाय," उड्डाणपुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा रंभाने विचारलं, "तुझा हात मी मोडला का?"

"नाय."

"मग त्या दिवशी सांगितला का नाय तू? मी येडी झाले विचार करून करून."

मैनाने बाहेर पाहिलं. शेजारच्या गाडीत कुणीतरी केळं सोलत होतं.

"तुझ्यावर औषध होता, रंभे," ती म्हणाली. "तू सुटणार होतीस. मी बोलले असते तर त्यानं मना रातच्याला सोडली नसती. त्याच्यावर कसला औषध हाय?"

रंभाने तिच्या हातावरचं सरकलेलं फडकं नीट केलं. तिचा स्वतःचा ओठ सुजून जड झाला होता. पुढे शैलेशची पाठ दिसत होती, वाकलेली. त्याने सगळं ऐकलं होतं.

इस्पितळात हाताला मलम लावून पट्टी बांधली, रंभाच्या बरगडीचा फोटो काढला. बरगडी नुसती ठेचली होती. ठाण्यात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. टेबलामागे तोच हवालदार होता. त्याने मैनाची पट्टी पाहिली, रंभाचा ओठ पाहिला आणि शैलेशला विचारलं, "परत यांना तसं झालं का?"

"नाय," शैलेश म्हणाला. नंतर अडखळत, "तवापन जरा वेगळाच झाला होता, साहेब. मी सही केली ती... ती मी बघून नाय केली."

हवालदाराने खुर्ची पुढे ओढली. कोपऱ्यातली महिला शिपाई उठून जवळ आली.

"त्या दिवशी मना कुणी नीट विचारला नाय," रंभा म्हणाली. "आता लिवा. भावजींच्या डोक्यात बत्ता मी घातला. दोनदा. शैलेश आले नसते तर तिसरा घातला असता. का घातला तेपण लिवा."

"आजारात ना?"

"आजार होता. धडधड आजाराची होती, हात कापत होते ते आजारानं. मारला तो मी."

हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"बाई, मी तुम्हाला समजावून सांगतो. डॉक्टरचा कागद आहे म्हणून तुमच्यावर काही आलं नाही. असं बोललात तर तो कागद बाजूला पडतो. तो माणूस मरता मरता वाचलाय. तुमच्यावर केस होईल. कोर्ट, वकील, सगळं. घरी जा, विचार करा. उद्या या."

"विचार करूनच आले," रंभा म्हणाली.

पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किक मागून किक चालली होती. रंभाने हात टेबलावर ठेवले आणि वाट बघत उभी राहिली. हवालदाराने एक उसासा टाकून कागद पुढे ओढला, पेन उचललं, आणि वर तारीख घातली.

"नाव सांगा."

रंभा सांगणार तेवढ्यात तिच्या खांद्याला धक्का लागला. मैना बाकावरून उठून पुढे आली होती. तिने पट्टी बांधलेला हात टेबलावर, कागदाच्या शेजारी ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "आदी माझा लिवा."